मिठागरातली थाम

"आधी चहा घे, मग काय भांडायचं ते भांड."

"चहा नकोय मला, झिऊआजी. एवढंच सांगा, रस्त्यावर कोण होतं? तुम्ही की माझी आजी?"

"कोण होतं ते सगळ्या तालुक्याला माहीत आहे. भिंतीवर बघ."

"भिंतीवरचं मी लहानपणापासून बघत आलेय. भिंत खोटं बोलते."

"जीभ आवर! कुणाच्या घरात बसून बोलतेस? तुझी आजी जिवंत असती तर थोबाडीत दिली असती तुझ्या."

"ती जिवंत असती तर तिच्यादेखत विचारलं असतं. मग बघितलं असतं कुणाची मान खाली जाते ते."

"हळू. पलीकडे सून भाजी निवडतेय."

"ऐकू दे की तिला. इतकी वर्षं शाळाशाळांतून माइकवर सांगत आलात, तेव्हा नाही बरं हळू बोललात!"

झिऊआजींनी तोंडातला विडा एका गालातून दुसऱ्या गालात ढकलला. त्यांच्या मागच्या भिंतीवर लाल चौकटीत प्रशस्तिपत्र होतं, त्याखाली काचेत पदक, आणि शेजारी हिरव्या गणवेशातला त्यांचाच फोटो, छातीवर बिल्ला. समोरच्या टेबलावर, चहाच्या कपांमध्ये, लुआने आणखी एक फोटो आणून ठेवला होता. त्यात डोक्याला पंचा गुंडाळलेली एक हडकुळी म्हातारी होती. तिच्या डाव्या कानाची पाळी निम्मी गायब होती.

ती थाम. लुआच्या बापाची आई. तिला जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं.

लुआ शहरातल्या शिवणकारखान्यात कॉलर जोडायचं काम करते. सुट्टीच्या दिवशी ती घरी येते ती झोपायला. त्या रविवारी मात्र ती बसमधून उतरली आणि घरी न जाता थेट झिऊआजींच्या दारात येऊन उभी राहिली.

गावात थामची ओळख एका वाक्यात संपायची. मिठागरातली थाम. अमेरिकेची विमानं येत होती त्या काळात गावातल्या पोरी आघाडी स्वयंसेवक म्हणून डोंगरात गेल्या, बॉम्बचे खड्डे बुजवायला, ट्रकांना वाट दाखवायला. झिऊ गेली. आणि थाम? ती समुद्राकाठी झिऊच्या मावशीकडे मिठागरात जाऊन बसली. पाच वर्षं. थाम मुळात पोरकी. झिऊच्या विधवा आईने तिला घरात घेतलं होतं, आपल्या पोरीच्या ताटात जेवू घातलं होतं. तेव्हा गाव म्हणायचं, बघा, सख्खी पोर लढायला गेली आणि पोसलेली पोर मावशीच्या भातावर बसली.

दोघी परत आल्या त्या एकाच आठवड्यात. झिऊ गणवेशात, पाठीवर पिशवी, वेशीवर ढोल वाजले. थाम चार दिवसांनी आली, पायी. कातडी हळदीसारखी पिवळी, आणि डोक्यावर केसांच्या नावाने चार बटा. तळ्याच्या पायऱ्यांवर कपडे धुणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. "मिठाने केस खाल्ले गं हिचे!" एकजण म्हणाली. बाकीच्या हसल्या. कान कुणी विचारला तर थाम सांगायची, कुत्रा चावला.

तिला कुणी मागणी घातली नाही. तिच्यासारख्या आणखीही बायका गावात होत्या, डोंगरातल्या रस्त्यावरून परत आलेल्या, तापाने वाळलेल्या, वय टळलेल्या. त्यातल्या काहींनी मूल मागून घेतलं. नवरा नाही, घर नाही, नुसतं मूल, एखाद्या परक्या माणसाकडून. गाव त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचं. बिचारीचं वय देशापायी गेलं, म्हातारपणी कुणी पाणी द्यायला नको का? थामनेही होडीतून लव्हाळ्याचे भारे आणणाऱ्या एका नावाड्याकडून मूल मागून घेतलं. तिला मात्र माफी मिळाली नाही. तिचं वय कशापायी गेलं होतं? मिठापायी! तिच्या पोराचं नाव बांग. शाळेत त्याला पोरं विचारायची, तुझा बाप खारट होता की गोड?

मग थाम पोट कशी भरायची? चटया विणून. चटईच्या मागाला दोन माणसं लागतात. एक लांब काठीने लव्हाळ्याची काडी आडवी सारते, दुसरी जड फणी दाणकन आपटून ती बसवते. झिऊ सारायची, थाम आपटायची. दोघींचं तरुणपण, म्हातारपण त्या एका मागावर सरलं. गाव झिऊचं कौतुक करायचं. केवढं मन बाईचं! पदकवाली असून त्या पळपुटीला मागावर बसवते. मागावर दोघी सारख्या पुटपुटत असायच्या, आणि कुणी आलं की गप्प व्हायच्या. बायका म्हणायच्या, असतील जुन्या गोष्टी.

लुआ दुसरी-तिसरीत असेल. शाळेत हुतात्मा दिनाला झिऊआजी आल्या होत्या. लुआनेच त्यांना फुलं दिली. झिऊआजी सांगत होत्या, रात्री दिवे न लावता ट्रक यायचे, तेव्हा आम्ही पोरी पांढरं कापड अंगावर घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या राहायचो, आमच्याकडे बघून ड्रायव्हर गाडी हाकायचा. मागच्या बाकावरून थाम तोंडातल्या तोंडात म्हणाली, "मधोमध नव्हे. खड्ड्याच्या कडेला. मधोमध उभी राहिली असती तर चिरडली नसती का?" पुढच्या बाकावरची बाई मागे वळली आणि म्हणाली, "तू गप गं थाम. तुला मिठागरातून दिसत होतं वाटतं?" आजूबाजूचे सगळे हसले. थामही हसली. ते हसणं लुआला अजून आठवतं, कारण त्यात राग नव्हता. असायला हवा होता.

शेवटच्या आजारात तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथे या सगळ्याला तोंड फुटलं. डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं आणि लुआला विचारलं, "आजी डोंगरात कधी होत्या?"

"कधीच नाही. मिठागरात होती."

"मिठागरात?" बाईंनी पुन्हा हात लावून बघितला. "ही वाढलेली प्लीहा जुन्या हिवतापाची आहे. जंगलातल्या. माझ्या आईची अशीच होती, ती रस्ता तुकडीत होती. खाऱ्या हवेत हा ताप येत नाही, पोरी."

लुआने आजीकडे बघितलं. थामने भिंतीकडे तोंड केलं होतं. "आजी, डॉक्टर काय म्हणतायत?" "डॉक्टर पोरगेली आहे," थाम म्हणाली. "तिला काय कळतंय." आठवड्याभरात ती गेली.

गावात जुना स्वयंसेवक मेला की त्यांची संघटना येते. झेंडा घेऊन, फुलांचं चक्र घेऊन, विटक्या हिरव्या कपड्यांत रांग लावून. अध्यक्ष दोन शब्द वाचतात आणि शवपेटीवर झेंडा धरतात. थामच्या पेटीवर कुणी काही धरलं नाही. अध्यक्ष म्हणजे झिऊआजी. त्या आल्या, पण एकट्या, साध्या कपड्यांत, डोक्याला घरच्यांसारखी पांढरी पट्टी बांधून. पेटीपाशी बसून अशा रडल्या की सख्खी बहीण रडणार नाही. बांगला भरून आलं. तो वाकून त्यांच्या पाया पडला. लुआने ते बघितलं होतं.

आता तिसरं वर्ष. रीतीप्रमाणे वर्षाच्या शेवटच्या, बाराव्या महिन्यात पुरलेली हाडं वर काढायची, सुगंधी पाण्याने धुवायची, छोट्या पेटीत रचायची आणि माणसाला कायमच्या घरात हलवायचं. त्या घरावर दगड बसतो, आणि दगडावर जे कोरलं ते राहतं. पाथरवटाने विचारलं होतं, नाव आणि साल, की आणखी काही? ज्यांनी रस्ते राखले त्यांच्या दगडावर तसं कोरतात. मात्र त्यासाठी संघटनेची मान्यता लागते.

"नाव आणि साल," बांग म्हणाला.

"बाबा, ती डोंगरात होती."

"कुणी सांगितलं? प्लीहेनं?"

"हो, प्लीहेनं! माणसं बोलत नाहीत म्हटल्यावर प्लीहा बोलणारच की!"

"लुआ, सोड. आयुष्यभर तिला बोलणी बसली, मला बसली. आता कुठे लोक विसरलेत. तू उकरायला लागलीस की पुन्हा सुरू."

"तिनं तुम्हाला कधीच काही सांगितलं नाही?"

बांगने सिगरेट विझवली. मग म्हणाला, "एकदा मला म्हणाली, सायकल काढ, पंचायतीत जायचंय. स्वयंसेवकांना पैसे मिळणार होते, नावं घेत होते, त्या वर्षाची गोष्ट. मला वाटलं, झिऊमावशीसोबत बसायला जातेय. मी बाहेर थांबलो. आत टेबलाशी झिऊमावशीच बसल्या होत्या, नावं घ्यायला. आई रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग आई रांगेतून बाहेर आली आणि म्हणाली, चल, फार गर्दी आहे." त्याने थोटूक बोटांत चुरगळलं. "तिच्या मागे दोन म्हाताऱ्या होत्या फक्त."

"आणि तुम्ही विचारलं नाही?"

"विचारून काय केलं असतं? उत्तर मिळालं असतं तर घेऊन जगायला लागलं असतं."

पंचायतीत लुआला सांगितलं गेलं, त्याच तुकडीतले दोन साक्षीदार आण. तुकडी कुठली? झिऊआजींची, दुसरी कुठली. गावातल्या बाकीच्या पोरी दुसऱ्या डोंगरांत, दुसऱ्या तुकड्यांत होत्या; त्यांतल्या कुणी थामला तिथे पाहिलं नव्हतं. म्हणून ती आधी झिऊआजींकडेच गेली होती, चांगल्या तोंडाने, केळी घेऊन. झिऊआजी म्हणाल्या, "तुझी आजी माझी बहीण होती गं, पण रस्त्यावर नव्हती. मी कशी सही करू? मेलेल्यांना काय उत्तर देऊ?" केळी त्यांनी ठेवून घेतली.

मग लुआला कळलं की त्या तुकडीच्या बायका दरवर्षी थान्ह होआ शहरात जमतात. कारखान्यातून रजा घेऊन ती गेली. सभागृहात पंख्याखाली वीसेक म्हाताऱ्या, हिरव्या टोप्या, एकमेकींच्या मांडीवर चापट्या मारत हसत होत्या. जेवणं उरकली होती. लुआने पहिल्या टेबलापाशी जाऊन विचारलं, "तुमच्यातली, थाय बिन्ह प्रांतातली थाम कुणी ओळखतं का?"

"थाम?" तोंडात एकच दात असलेली एक आजी म्हणाली. तिचं नाव तेप. "थाम नव्हती गं. थाय बिन्हची आमच्यात एकच, झिऊ. तिच्याच गावची का तू?"

"हो."

"आहे का जिवंत ती भवानी? दरवर्षी निरोप धाडतो, एकदासुद्धा आली नाही! म्हणे गुडघे दुखतात. आम्हाला काय गुडघे नाहीत?" तेपआजी शेजारणीकडे वळली. "ऐकलंस का, झिऊ आहे अजून! पदक मिळाल्यावर शिष्ट झाली मेली."

"आल्यावर तिच्या कानाला धरते," शेजारीण म्हणाली. "उरलेल्या कानाला!"

दोघी खदखदून हसल्या. लुआ हसली नाही. "उरलेल्या म्हणजे?"

"म्हणजे काय, डावा गेला ना तिचा. बॉम्बचा तुकडा लागला. मीच बांधला, माझ्या ब्लाउजची बाही फाडून. रक्त थांबेना आणि ही बया म्हणते, तेप, बाही कशाला फाडलीस, आता काय घालशील?"

लुआने पिशवीतून फोटो काढून टेबलावर ठेवला.

तेपआजीने फोटो लांब धरला, मग जवळ. मग तोंडाजवळ नेऊन त्या फोटोतल्या कानाला बोट लावलं. "अगं झिऊ," ती म्हणाली, फोटोशी बोलावं तशी. "किती वाळलीस गं." आणि लुआकडे वळून, "ही कोण लागते तुझी?"

"आजी," लुआ म्हणाली. "बाबांची आई. तिचं नाव थाम."

तेपआजीला ते समजायला वेळ लागला. समजल्यावर तिने शेजारणीचा हात घट्ट धरला. मग ती इतकंच म्हणाली, "पाच वर्षं आम्ही तिला दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारली. आणि ती ओ देत राहिली."

तोच फोटो आता झिऊआजींच्या टेबलावर होता.

"तेपआजी म्हणतात ते खोटं का?" लुआने विचारलं. "तुमचे दोन्ही कान शाबूत आहेत, झिऊआजी. मी लहानपणापासून बघतेय. गावाला का नाही दिसले?"

"गाव कान बघत नाही. गणवेश बघतं." झिऊआजी उठल्या, मधल्या दाराचा पडदा ओढून आल्या आणि बसल्या. आवाज उतरला होता. "तेप जिवंत आहे म्हणजे. तिच्याबद्दल सांगायची तुझी आजी. एकदा पातेल्यावर झाकण ठेवायला विसरली आणि वाटेत सगळा भात सांडला, तीच ना?"

"म्हणजे खरंय."

"खरंय." त्यांनी थुंकदाणी जवळ ओढली, थुंकल्या, ओठ पुसले. "दोन भाऊ गेले होते माझे सैन्यात. दोघांचे कागद आले, माणसं नाही. मग माझं नाव पुकारलं गेलं. आई जेवेना. थाम आईला म्हणाली, मावशी, मी जाते झिऊच्या नावावर. वय कमी होतं तिचं. वजनही कमी. खिशात दगड भरून काट्यावर उभी राहिली पोरगी. तालुक्याला कोण ओळखतंय आम्हाला? नाव पुकारलं, झिऊ, आणि ती म्हणाली, हजर. मला त्याच दिवशी आईने मावशीकडे लावलं, थाम म्हणून."

"आणि गणवेश?"

"परत आली ती आधी मावशीकडे. ताप अंगात. तिथे कपडे उतरवून दिले तिने मला. आईचा हट्ट. गावातून झिऊ गेली, तर झिऊच परत यायला हवी. नाहीतर आईला धरून नेलं असतं, थामला पण."

"मग ढोल तुमच्यासाठी वाजले."

"वाजले. आणि वाजत होते तेव्हा मी मान वर केली नाही, हे कुणाला सांगू? तुला काय वाटतं, मी मजेत होते? पाच वर्षं त्या मिठागरात मी पाय कुजवले, पोरी! बोटांमधली चामडी निघायची. मीठ मी काढलं आणि मिठागरातली म्हणून नाव तिला पडलं. तिने रस्ता राखला आणि नाव मला. दोघींचंही आयुष्य दुसरीकडे जमा झालं."

"दोघींचं!" लुआ हसली, आणि स्वतःचंच हसणं तिला कडू लागलं. "तुमच्याकडे काय जमा झालं? नवरा. पदकवाली म्हणून मागणी घालत आलेला. पेन्शन. दर हुतात्मा दिनाला फुलं. नातू लष्करी अधिकाऱ्यांच्या शाळेत, तुमच्या पदकावर. आणि तिच्याकडे? टक्कल. आणि माझा बाप, ज्याला खारट की गोड विचारायचे."

"मी तिला बिल्ला दिला होता. घे म्हटलं, तुझा आहे. तिने तो माझ्याच ब्लाउजला टोचला. म्हणाली, सरळ लाव, वाकडा दिसतो, आणि शाळेतल्या भाषणाला उशीर होईल." झिऊआजींचे डोळे कोरडे होते. "रस्त्यावरच्या त्या गोष्टी मला कुणी शिकवल्या असं वाटतं तुला? तिनेच. मागावर. कुठला घाट, कुठली नदी, कोण मेली, कुणी गाणं म्हटलं. मी चुकले की फणी थांबवायची आणि दुरुस्त करायची. पकडली जाशील गं, म्हणायची. मी जिथे उभी राहिले ते नीट सांग."

"आणि पंचायतीत? ती रांगेत उभी राहिली तेव्हा?"

पडद्यापलीकडे चाकूचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"आई तेव्हा वारली होती," त्या म्हणाल्या. "गप्प राहायचा शब्द थामने दिला होता तो आईला. मला वाटलं, आता ही सांगणार. मी तिच्याकडे बघितलं."

"नुसतं बघितलं?"

"पुरतं तेवढं. आयुष्यभर एका ताटात जेवलो आम्ही."

लुआ उठून उभी राहिली, पुन्हा बसली. "मी पंचायतीत जाणार आहे. तेपआजी यायला तयार आहेत. सगळं सांगणार."

"सांग." झिऊआजींनी तिच्या कपात चहा ओतला, जणू ती आताच आली होती. "मग काय होईल ऐक. माझं पदक जाईल, पेन्शन जाईल, नातवाला घरी पाठवतील. जाऊ दे. मी म्हातारी आहे. पण ते पदक तुझ्या आजीला देतील असं वाटतं? ती भरतीच झाली नव्हती. खोटं नाव सांगून, वय लपवून गेली. ज्या झिऊला पदक दिलं ती गेली नव्हती, आणि जी गेली तिला दिलं नव्हतं. म्हणजे कुणालाच नाही. तिथला पोरगा खोडरबर घेईल आणि रस्त्यावरून दोघी पुसल्या जातील. दगडावर काय कोरशील? तोतया?"

बसमध्ये तिने सगळी वाक्यं तयार केली होती, पण हे त्यांच्यात कुठेच नव्हतं.

"त्यापेक्षा मी सांगते ते कर," झिऊआजी पुढे वाकल्या. "दोन साक्षीदार हवेत ना? एक मी. मी सही करते की थाम माझ्याबरोबर तुकडीत होती. मागच्या वेळी चुकून नाही म्हटलं, म्हातारपणी विसरले. अध्यक्ष मी आहे, माझ्या शब्दावर कोण प्रश्न विचारणार?"

"तुम्ही साक्ष देणार? रस्त्यावर तिला बघितल्याची?"

"हो."

"तुम्ही रस्ता बघितलेला नाही, आजी!"

"तुझ्या आजीनं दाखवलाय मला. तेपपेक्षा बरा सांगेन. दुसरी साक्षीदार ती तेप. तिला समजाव. तिने म्हणायचं, थाय बिन्हच्या दोघी होत्या, झिऊ आणि थाम. बस. एवढ्याने कुणाचं काही बिघडत नाही. दगडावर कोरता येईल. झेंडा घेऊन मी स्वतः येते, सगळ्यांना घेऊन. पेटीवर धरते. दोन शब्दही बोलते, असे बोलते की गाव रडेल. बांगलाही बरं वाटेल. बिचारा माझ्या पाया पडला होता त्या दिवशी."

लुआने कल्पना केली. थंडीतली सकाळ, उकरलेली माती, धुतलेली हाडं, आणि त्यांच्या डोक्याशी हिरव्या कपड्यांत उभी ही बाई, सांगतेय की आम्ही दोघी खड्ड्याच्या कडेला उभ्या राहायचो, पांढरं कापड घेऊन. थाम डावीकडे, मी उजवीकडे. बाबा रडतायत. तळ्यावरच्या म्हाताऱ्या एकमेकींना म्हणतायत, बघा, मेल्यावरसुद्धा तिला आपल्या पदराखाली घेतली. आणि आजीचं नाव दगडावर, खरं, खोल कोरलेलं, या बाईच्या शब्दावर उभं. तिने तोंड उघडून हो म्हणायचं, की संपलं. नाही म्हणायचं, तर नाव आणि साल.

"लुआ," झिऊआजी म्हणाल्या. आवाजात आता लाड होता, लहानपणी फुलं घेताना असायचा तसा. "बोल की. पाथरवट थांबणार नाही. हो म्हणतेस ना?"

लुआने टेबलावरचा फोटो उचलला. कपातला चहा तसाच होता. उंबऱ्याबाहेर तिची एक चप्पल कोंबडीने उलटी केली होती. ती तिने पायानेच सरळ केली, घातली आणि अंगणातून चालायला लागली.

"लुआ! अगं, हो की नाही? एवढं तरी सांगून जा!"

फाटक उघडंच राहिलं.